शिडाच्या बोटीचे इंजिन अलाइनमेंट

शिडाच्या बोटीतील डिझेल इंजिनाचा गिअरबॉक्स आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट एका रेषेत बसवण्याचे काम. रेषा चुकली की बोट थरथरते, स्टफिंग बॉक्स (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) गळतो, कटलेस बेअरिंग (पंख्याजवळ शाफ्टला धरणारे रबरी बेअरिंग) एका बाजूने झिजते आणि शेवटी गिअरबॉक्सचे सील जाते. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून सरळ पाण्यात उतरणारा गिअरचा पाय) असलेल्या बोटींत लांब शाफ्टच नसल्याने हा प्रश्न येत नाही.

मुंबईत हे काम बहुधा पावसाळ्यानंतर निघते. मे महिन्यात किनाऱ्यावर घेतलेली यॉट टेकूंवर उभी असताना तिच्या बुडाचा आकार किंचित बदलतो, त्यामुळे जमिनीवर केलेली मोजणी फक्त अंदाजापुरती. बोट पाण्यात उतरवल्यावर किमान दोन दिवस थांबावे, टाक्या नेहमीइतक्या भराव्यात आणि डोलकाठीचे ताण (तिला धरून ठेवणाऱ्या तारा) नेहमीसारखे ओढावेत. ताण ढिले असताना मिळालेले माप शीड चढवल्यावर टिकत नाही. खाडीत ओहोटीला गाळात टेकलेल्या बोटीत तर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) बाहेर काढूच नये. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरवरही जातो, म्हणून अशा जागी भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस बरे.

कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन तबकड्यांचे) बोल्ट काढून दोन्ही तबकड्या थोड्या विलग करतात. सुटा शाफ्ट स्वतःच्या वजनाने झुकतो. त्याचा बाहेर आलेला भाग आणि कपलिंग यांना आधार न देता मोजले, तर इंजिन नाहक खाली आणले जाते. तबकड्या जोर न लावता एकमेकींत बसल्या पाहिजेत. तेवढे झाल्यावरच वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेजने फट मोजावी. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला फटींतला फरक ०.१ मिमीपेक्षा जास्त नसावा. वरची फट मोठी असेल तर इंजिनाची नाळेकडची (पुढची) बाजू खाली आहे, म्हणजे पुढच्या माउंटिंगचे (इंजिनाच्या रबरी पायांचे) नट फिरवून ती उचलायची. नट आवळतानाही इंजिन सरकते, म्हणून एकेक नट आवळून पुन्हा माप घ्यावे. हा कंटाळवाणा भाग टाळला की सगळी मेहनत वाया जाते.

आता शाफ्टची तबकडी ९० अंश फिरवून पुन्हा मोजावे. मोठी फट जागेवरच राहिली तर अलाइनमेंट चुकले आहे. ती तबकडीबरोबर फिरली तर शाफ्ट वाकला आहे किंवा कपलिंग तिरके बसले आहे. तिथे नट कितीही फिरवून उपयोग नाही.

प्रत्येक थरथर अलाइनमेंटची नसते. इंजिन न्यूट्रलमध्येही हादरत असेल, तर दोष इंजेक्टरचा, मंद ठेवलेल्या आयडलचा किंवा माउंटिंगचा असतो. डिझेल व तेल सांडून माउंटिंगचे रबर फुगते आणि मऊ पडते. गिअर टाकल्यावरच थरथर सुरू झाली, तर आधी पंखा बघावा. मुंबईच्या कोमट पाण्यात महिनाभर मूरिंगवर (पाण्यात बांधून) उभ्या बोटीच्या पंख्यावर शंखकवचांचा थर चढतो. जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकणे हेही नेहमीचेच. मागून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. २५ मिमीच्या शाफ्टला दीड मिमीच्या आसपास खेळ (सैलपणा) जाणवला, तर कटलेस बेअरिंग बदलायला आले.

लवचिक कपलिंग बसवले की थरथर कमी भासते, पण बिघडलेली रेषा त्याने सुधारत नाही. बेअरिंग झिजतच राहते. नवी माउंटिंग सुरुवातीला दबतात, त्यामुळे इंजिन सुमारे २० तास चालल्यावर फटी पुन्हा मोजाव्या लागतात.