वालांडर मालिका

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, बाल्टिक समुद्राकाठच्या ईस्ताद या छोट्या बंदरगावात घडणारी पोलीस-तपासकथांची मालिका. लेखक हेनिंग मानकेल (1948–2015). ईस्तादच्या पोलीस ठाण्यातला कुर्ट वालांडर हा तिचा नायक. 1980च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतून परतलेल्या मानकेल यांना मायदेशात परक्यांविषयीचा द्वेष वाढलेला दिसला. त्यावर लिहायचे म्हणून त्यांनी गुन्ह्याची कथा निवडली आणि नायकाचे नाव टेलिफोन डिरेक्टरीतून उचलले. 1991 ते 1998 या काळात दरवर्षी एक अशा आठ कादंबऱ्या आल्या.

गाव जेमतेम वीस हजार वस्तीचे; पण इथून पोलंडला आणि डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाला फेरीबोटी सुटतात. त्यामुळे बाहेरचे जग गावात येते, आणि तपासाला माणसे मात्र मोजकीच. भोवती सपाट शेते आणि एकमेकांपासून दूर असलेली घरे, म्हणून साक्षीदारही कमी. पहिल्या कादंबरीत म्हातारा शेजारी रात्री जागा होतो तो किंकाळीने नव्हे, तर पलीकडच्या तबेल्यातली घोडी खिंकाळली नाही म्हणून त्याला संशय येतो. खून करून जाताना कोणीतरी तिला चारा घातलेला असतो. असा तपशील वाचकाने जपून ठेवावा. मानकेल तो ठळक करून दाखवत नाहीत, पण पोलीस त्याच्याकडे पुन्हापुन्हा वळतात.

तपासाचा क्रम बहुधा ठरलेला. सकाळची बैठक, कामांची वाटणी, घरोघर चौकशी, तंत्रज्ञ नीबेरीच्या अहवालाची वाट, मग पत्रकार परिषद. पानेच्या पाने काही हाती लागत नाही, आणि इथेच पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयाच्या वेगाची सवय असलेल्यांना हे विशेष जड जाते. पण अडखळणे हाच मालिकेचा गाभा आहे: झोप नसलेला वालांडर चुकीचा धागा धरतो, ठाण्यातली माहिती बाहेर फुटते आणि तिच्यामुळे नवा गुन्हा घडतो. ‘साइडट्रॅक्ड’मध्ये तर खुन्याच्या बाजूची प्रकरणेही येतात. तिथे पोलीस सत्याच्या किती जवळून निघून जातात हे पाहण्यातच खरी उत्कंठा आहे.

पुस्तके क्रमानेच वाचावीत: ‘फेसलेस किलर्स’, ‘द डॉग्ज ऑफ रिगा’, ‘द व्हाइट लायनेस’, ‘द मॅन हू स्माइल्ड’, ‘साइडट्रॅक्ड’, ‘द फिफ्थ वुमन’, ‘वन स्टेप बिहाइंड’, ‘फायरवॉल’. इंग्रजीतून वाचणाऱ्यांची गफलत होते ती प्रकाशनवर्षामुळे. चौथी कादंबरी स्वीडिशमध्ये 1994 साली आली, पण इंग्रजीत थेट 2005 साली. तोवर पाचवी ते आठवी बाजारात होती. ती गाळली, तर तिसऱ्या पुस्तकात हातून माणूस मारला गेल्यावर वालांडर नोकरी सोडायला का निघाला होता आणि त्याची सहकारी आन-ब्रिट होग्लुंड ठाण्यात कशी आली, हे कळत नाही. पहिले पुस्तक चुकले तर नुकसान आणखी मोठे. त्यातला आजारी, वडीलधारा सहकारी रीडबेरी पुढे नसतो, आणि ‘रीडबेरीने इथे काय केले असते?’ हा वालांडरचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत राहतो. ‘द पिरॅमिड’मधल्या पाच कथा पहिल्या कादंबरीच्या आधीच्या काळातल्या असल्या, तरी ‘फायरवॉल’नंतर वाचाव्यात, ओळखीच्या माणसाचे तरुणपण म्हणून त्या जास्त भिडतात. त्यानंतर वालांडरची मुलगी लिंडा नायिका असलेली ‘बिफोर द फ्रॉस्ट’ आणि अखेरीस ‘द ट्रबल्ड मॅन’ (2009).

स्वीडिश नावे सारखी वाटून गोंधळ होतो. पहिल्या पन्नास पानांत ठाण्यातली माणसे एका कागदावर आणि गुन्ह्याशी संबंधित माणसे दुसऱ्यावर टिपली, तर पुढे मागची पाने चाळावी लागत नाहीत.

पडद्यावर वालांडर रंगवणाऱ्यांत तिघे प्रमुख. रोल्फ लासगोर्डचे चित्रपट पुस्तकांवर आधारलेले आहेत. क्रिस्टर हेन्रिक्सनच्या 32 भागांतल्या बहुतेक कथा पडद्यासाठी नव्याने रचलेल्या आहेत. केनेथ ब्रानाची बीबीसी मालिका (2008–2016) पाचव्या कादंबरीपासून सुरू होते आणि पहिली कादंबरी दुसऱ्या हंगामात येते, म्हणून ती पुस्तकांनंतर पाहावी.