न्याय्य स्थित्यंतर

कोळसा, खनिज तेल अशी प्रदूषणकारी इंधने सोडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना त्या बदलाची झळ कोणी सोसायची आणि लाभ कोणाच्या पदरात पडायचा, हे न्यायाने ठरवण्याची भूमिका व धोरण. खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र बंद पडले की नोकऱ्यांसोबत ट्रकचा धंदा, टपऱ्या, भाड्याच्या खोल्या, खाणीच्या दवाखान्यातले उपचार असे सारेच आटते. हवा सगळ्यांची सुधारते आणि किंमत एकाच तालुक्याने मोजायची, यावर या संकल्पनेचा आक्षेप आहे.

तिचा उगम कामगार चळवळीत आहे. अमेरिकेतील तेल, रसायन व अणुउद्योग कामगारांच्या संघटनेचे नेते टोनी माझोकी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक मागणी मांडली. विषारी कचऱ्याने नासलेल्या जमिनी साफ करण्यासाठी तिथे १९८० पासून स्वतंत्र निधी होता. घातक उद्योगांतून बाहेर पडावे लागणाऱ्या कामगारांसाठीही तसा निधी हवा, त्यातून त्यांना वेतन आणि शिक्षण मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. याला नमुनाही होता: दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता आणि माझोकी स्वतः त्या युद्धात लढलेले होते. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रास्ताविकेत या संकल्पनेला स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षीची.

जर्मनीच्या रुर खोऱ्यातील दगडी कोळशाची शेवटची खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. त्याआधी अनेक दशके मुदतपूर्व निवृत्तिवेतन, नव्या कामाचे प्रशिक्षण आणि नवी विद्यापीठे यांवर सरकारने पैसा ओतला होता. याउलट ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप मोडल्यावर खाणी भराभर मिटल्या आणि अनेक खाणगावे पुढच्या पिढीपर्यंत सावरली नाहीत. तिथे कारण पर्यावरणाचे नव्हते, तरी घाईने काय होते ते दिसले.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव भारताला अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी त्या देशाला कोळशातून बाहेर पडण्यासाठी ८.५ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. त्यात अनुदान थोडे आणि कर्जच जास्त होते. ज्यांनी सर्वाधिक धूर ओकला त्यांनी न्यायाच्या नावाने कर्ज द्यावे, ही टीका रास्त आहे. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी वीजकेंद्राचा शेवटचा संच थांबला. एस्कॉम या सरकारी कंपनीने कायम कामगारांना इतर केंद्रांवर पाठवले. कंत्राटी कामगार मात्र उघड्यावर पडले आणि त्यांच्या जिवावर चालणारे गाव ओस पडू लागले. सौर, पवन आणि प्रशिक्षणाच्या योजना कागदावर होत्या. त्या उभ्या राहण्याआधीच केंद्र बंद झाले होते. न्याय मस्टरवर नाव असलेल्यांपुरता राहिला.

भारतातही कसोटीचा मुद्दा हाच आहे. नक्त-शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढेच शोषले जावेत यासाठी, देशाने २०७० हे वर्ष ठरवले आहे, पण जुन्या आणि तोट्यातल्या खाणी आजच बंद होत आहेत. खाणींत कंत्राटी कामगारांचे प्रमाण मोठे आहे. झारखंडमध्ये सायकलवर कोळशाची पोती लादून विकणाऱ्यांची तर कुठेच नोंद नसते. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात संपादित केलेल्या दोन एकरांमागे एका नोकरीची तरतूद आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड या वेस्टर्न कोलफील्ड्स या कोल इंडियाच्याच उपकंपनीच्या पट्ट्यातही अशा नोकऱ्यांवर घरे उभी राहिली. खाण मिटली की जमीन तर आधीच गेलेली असते आणि तिच्या बदल्यात आलेली नोकरीही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. खाणबंदीच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून कंपन्यांना त्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी लागते, पण त्या सूचनांचा भर खड्डे बुजवणे, झाडे लावणे यांवर राहिला. जमिनीसाठी निधी आहे, कामगारांसाठी नाही, हा माझोकींचा आक्षेप इथे जसाच्या तसा लागू पडतो. झारखंड सरकारने २०२२ मध्ये या प्रश्नासाठी कृतिदल नेमले.

दुसरी बाजू नव्या ऊर्जेची. कोळसा पूर्व आणि मध्य भारतात आहे, तर मोठे सौर प्रकल्प राजस्थान, गुजरात, कर्नाटकात. शिवाय उभारणी झाल्यावर त्यांना माणसे फारशी लागत नाहीत. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे ठरले आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडणारे आहे. पण भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. गायरानावर शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांचा हक्क केवळ वहिवाटीचा. जैसलमेर भागात देवाच्या नावाने राखलेल्या, जनावरांना चराईसाठी खुल्या असलेल्या ‘ओरण’ जमिनींवर सौर प्रकल्प आणि वीजवाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. ओरण म्हणून या जमिनींची महसुली दप्तरात नोंद करावी, ही त्यांची मुख्य मागणी आहे.