महाग पाव आणि एका पेनीचं टपाल

कॉर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भाजलेलं कणीस येतं. इंग्लंडमधले ‘कॉर्न लॉज’ मात्र मक्याचे नव्हते. तिथे कॉर्न म्हणजे एकूणच धान्य, त्यातही मुख्यतः गहू. १८१५ साली नेपोलियनशी चाललेली युद्धं संपत आली, तशी युरोपातला स्वस्त गहू पुन्हा येऊन थडकेल, अशी धास्ती जमीनदारांना वाटू लागली. संसदेत वजन त्यांचंच होतं. त्यांनी कायदा केला: देशातला गहू क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोंना, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. लंडनमध्ये दंगली उसळल्या. संसदेभोवती सैन्याचा पहारा ठेवून कायदा मंजूर झाला.

१८२८ मध्ये सरसकट बंदी जाऊन सरकतं शुल्क आलं. देशातला भाव उतरला की आयात शुल्क चढायचं, भाव चढला की शुल्क उतरायचं. ऐकायला हे समंजस वाटतं, पण आकडे पाहा. भाव ६६ शिलिंग असताना शुल्क २० शिलिंग ८ पेन्स (बारा पेन्सचा एक शिलिंग). भाव ७३ झाला की फक्त १ शिलिंग. परदेशी गहू बंदरातल्या सरकारी कुलपाच्या गोदामात पडून राहू शकायचा आणि शुल्क माल बाहेर काढताना भरायचं असायचं. व्यापाऱ्याने ६६ च्या भावाला माल काढला, तर हाती ४५ शिलिंग ४ पेन्स राहत. थोडी कळ काढून ७३ ला काढला, तर ७२ शिलिंग. भाव वाढणार ७ शिलिंगांनी, पदरात पडणार जवळजवळ २७ जास्त! मग टंचाईत गोदाम कोण उघडणार? सगळे थांबत, आणि एकदा भाव वर गेला की सगळ्यांचा माल एकदम बाहेर पडून बाजार कोसळे. ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे सारं चाललं होतं, तोही त्यात भरडला जाई.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१५ मध्येच यातली मेख दाखवली होती. धान्य महाग झालं की हलकी जमीनही नांगराखाली येते, त्यामुळे चांगल्या जमिनीचा खंड, म्हणजे कसणाऱ्याने द्यायचं भाडं, वाढतो, आणि तो जातो जमीनदाराच्या खिशात.

हे लोकांच्या गळी उतरवलं ते हे कायदे रद्द करायला झटणाऱ्या मँचेस्टरच्या अँटी कॉर्न लॉ लीग या संघटनेने. छापील कापडाचे कारखानदार रिचर्ड कॉब्डेन तिचे प्रमुख. १८४१ मध्ये जॉन ब्राइट या गिरणीमालकाची तरुण पत्नी वारली. कॉब्डेन भेटायला गेले. सांत्वन करून झाल्यावर ते म्हणाले, या घडीला हजारो घरांत बायका, आया, मुलं भुकेने मरताहेत; दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर या, कायदा जाईपर्यंत आपण थांबायचं नाही. ब्राइट गेले, आणि थांबले नाहीत.

१८४० मध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं होतं. लीगने ही सोय पुरेपूर वापरली. १८४३ या एका वर्षात सुमारे ९० लाख पत्रकं वाटली गेली. त्याहून मोलाचं काम मतदार याद्यांचं. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असली की परगण्यात मत मिळे. लीगने समर्थकांना असे तुकडे घ्यायला लावले. मला या चळवळीचा खरा कणा इथेच दिसतो. चार्टिस्ट, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या, मजुरांना मात्र संशय होता, की पाव स्वस्त झाला की मालक मजुरी कापतील. तो निराधार म्हणवत नाही. पावाची सर्वाधिक झळ त्यांनाच होती आणि मत त्यांनाच नव्हतं.

१८४५ च्या शरदात फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवाने तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेल्या आयर्लंडमधले बटाटे नासवले. दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. धडधाकट शेत काही दिवसांत काळं पडतं. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी गुपचूप अमेरिकेतून १ लाख पौंडांचं धान्य मागवलं. हा मात्र खरोखरच मका होता! तो इतका टणक, की नीट दळला नाही तर पोट बिघडे.

पील जमीनदारांच्याच पक्षाचे. तरी त्यांनी स्वपक्षीयांचा रोष पत्करून कायदे रद्द करणारं विधेयक आणलं. २५ जून १८४६ रोजी वरच्या सभागृहाने ते मंजूर केलं. त्याच रात्री दुसऱ्या एका विधेयकावर पील यांचा पराभव झाला आणि काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत १ फेब्रुवारी १८४९ ला एका शिलिंगवर आलं. आयर्लंडच्या गरिबाकडे मात्र स्वस्त धान्य घ्यायलाही पैसे नव्हते. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं गेली.

१९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन या ब्रिटिश राजकारण्याने परदेशी धान्यावर पुन्हा शुल्क सुचवलं. बर्मिंगहॅमच्या सभेत त्यांनी दोन पाव दाखवले, एक आजचा आणि एक शुल्कानंतरचा, आणि यांत मोठा कुठला ते सांगा, असं लोकांना विचारलं. विरोधकांनीही शुल्काविना मिळणारा मोठा पाव आणि शुल्कानंतरचा छोटा पाव शेजारी शेजारी काढून फलक लावले. १९०६ च्या निवडणुकीत चेंबरलेन यांची बाजू साफ आपटली.