बहुविवाह

एकाच वेळी एकाहून अधिक जोडीदारांशी असलेला विवाहसंबंध म्हणजे बहुविवाह. एका पुरुषाच्या अनेक बायका असतील तर ते बहुपत्नीत्व, एका स्त्रीचे अनेक नवरे असतील तर बहुपतित्व. घटस्फोटानंतर किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर केलेला पुनर्विवाह यात मोडत नाही. बोलताना बहुविवाह म्हटले की बहुपत्नीत्वच डोळ्यांपुढे येते आणि त्याला कारणही आहे. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी सुरू केलेल्या संग्रहातील १,२३१ समाजांपैकी ५८८ समाजांत बहुपत्नीत्व सर्रास, तर ४५३ समाजांत अधूनमधून आढळते. १८६ समाज एकविवाही आहेत. बहुपतित्व फक्त ४ समाजांत नोंदलेले आहे.

या आकड्यांवरून अर्धे जग बहुपत्नीक असल्याचा समज होतो. पण ही मोजदाद समाजांची आहे, माणसांची नव्हे. तीत लहानशी टोळी आणि कोट्यवधींचा समाज यांना सारखेच वजन मिळते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे २ टक्के लोकच अशा कुटुंबांत राहतात. त्यांतले बहुतेक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहेत. बुर्किना फासोमध्ये हे प्रमाण ३६ टक्के, मालीमध्ये ३४ टक्के आहे. मुभा असलेल्या समाजांतही बहुसंख्य पुरुषांना एकच बायको असते. हिशेबच तसा आहे. शंभर पुरुष आणि शंभर स्त्रियांच्या वस्तीत दहा जणांनी तीन-तीन बायका केल्या, तर उरलेल्या नव्वद पुरुषांसाठी सत्तर स्त्रिया राहतात आणि वीस जण बिनलग्नाचे उरतात. ही तूट सहसा वयातून भरून काढली जाते : मुलींची लग्ने लवकर उरकायची, मुलांची लांबवायची. म्हणजे एखाद्याच्या तिसऱ्या बायकोची किंमत भलत्याच घरातली अल्पवयीन मुलगी मोजत असते.

ही प्रथा मान्य होण्यासारखी आहे का, याचा कौल धर्मग्रंथांकडे मागितला तर ते दोन्ही बाजूंनी बोलतात. बायबलच्या जुन्या करारात याकोबाला लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी बायका म्हणून मिळतात, शलमोनाला तर सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी. तरी इ. स. १००० च्या सुमारास गेर्शोम या ज्यू धर्मगुरूंच्या नावाने युरोपातील ज्यूंना दुसरी बायको करण्यास मनाई झाली. कुराणातील चौथ्या सूरेची तिसरी आयत चार बायकांपर्यंत मुभा देते. सर्वांना समान न्याय देता येणार नाही अशी धास्ती असेल तर एकच करावी, ही अटही त्याच आयतीत आहे. पुढे १२९ व्या आयतीत, कितीही मनात आणले तरी असा न्याय साधणार नाही, असे म्हटले आहे. या दोन आयती एकत्र वाचून ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली. परंपरागत विद्वानांनी मात्र दुसरी आयत मनाच्या ओढीपुरती मानली आणि मुभा कायम ठेवली.

रामायणात बापाला तीन राण्या आणि मुलाची ख्याती एकपत्नीव्रताची. महाभारतात द्रौपदीने पाच भावांशी लग्न करायचे ठरते तेव्हा द्रुपद हरकत घेतो. युधिष्ठिर या हरकतीला उत्तर देताना सात ऋषींची पत्नी जटिला आणि प्रचेते नावाच्या दहा भावांची पत्नी वार्क्षी यांचे दाखले देतो. जुनी उदाहरणे शोधावी लागली, यातच ती गोष्ट रुळलेली नव्हती हे दिसते.

या सगळ्या चर्चेत आधीच्या बायकोचे म्हणणे क्वचितच ऐकू येते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १४५ वे सूक्त हा त्याला ठळक अपवाद. सवतीला दूर घालवण्यासाठी एक स्त्री जमिनीतून वनस्पती खणून काढते आहे, आणि ‘मी तिचे नावसुद्धा घेत नाही’ असे म्हणते आहे. ‘सवत’ हा शब्द ‘सपत्नी’वरून आला, आणि शत्रू या अर्थाचा संस्कृतातील ‘सपत्न’ हा शब्दही त्याच घरातला.

बायको हयात असताना दुसरी करण्याला धर्मशास्त्रात ‘अधिवेदन’ म्हणतात. मनुस्मृती (९.८१) त्याच्या मुदती सांगते : वंध्या असेल तर आठव्या वर्षी, मुले जगत नसतील तर दहाव्या, मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि बायको कटू बोलणारी असेल तर लगेच. पहिल्या तीन कारणांना निदान काही वर्षे थांबायचे आहे, चौथ्याला एक दिवसही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र अशा स्त्रीला ‘आधिवेदनिक’ म्हणजे भरपाई द्यायला सांगितले आहे.

बहुपतित्वाची तऱ्हा वेगळी. तिबेट आणि हिमालयाच्या काही भागांत सख्खे भाऊ एकच बायको करत. वडिलोपार्जित थोड्याशा शेतीचे तुकडे पडू नयेत हा त्यामागचा मुख्य विचार. निलगिरीतील तोडा लोकांत मुलाचा बाप कोण हे ठरवण्याची रीत होती. गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास एक नवरा बायकोला धनुष्यबाण देई. तो होणाऱ्या मुलाचा बाप ठरे, आणि दुसऱ्या नवऱ्याने हा विधी करेपर्यंत पुढची मुलेही त्याचीच. स्त्रीला अनेक नवरे म्हणजे स्त्रीचे राज्य, असे मात्र नाही : भावांच्या घरात तिची निवड बहुधा थोरल्यासाठी होई आणि धाकटे त्या लग्नात आपोआप सामील होत.

आधुनिक कायद्यांनी तीन वाटा धरल्या. तुर्कस्तानने १९२६ मध्ये सरसकट बंदी घातली. भारतात १९५५ च्या कायद्याने हिंदूंसाठी ती आली. दुसरी वाट परवानगीची. पाकिस्तानच्या १९६१ च्या अध्यादेशानुसार लवाद परिषदेकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यात आधीच्या बायकोची संमती घेतली की नाही हे लिहावे लागते. परवानगीविना लग्न केल्यास शिक्षा आहे, पण लग्न रद्द होत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यात रूढीने दुसरे लग्न करणाऱ्या पुरुषाला मालमत्तेच्या वाटणीचा करार न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तिसरी वाट मोकळीकीची : केनियाच्या २०१४ च्या कायद्यात पहिल्या बायकोच्या संमतीची अट नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९४ मध्ये बहुपत्नीत्व स्त्रीच्या समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचे म्हटले. पहिल्या बायकोला नकाराधिकारच नसेल तर वाटणीच्या कराराने तिची बाजू किती सावरणार, ही शंका रास्तच आहे.

बंदीनेही प्रश्न मिटत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये एका खटल्यात दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने, होम आणि सप्तपदीविना झाले म्हणून नवऱ्यावरचा गुन्हा शाबीत होत नाही असा निकाल दिला. विधी अपुरा राहिला, त्याचा फायदा नवऱ्याला झाला. अमेरिकेत मॉर्मन चर्चने कायद्याच्या दडपणाखाली १८९० मध्ये ही प्रथा सोडली, पण ती न सोडणारे गट युटात लपून राहिले. लग्नच गुन्हा ठरल्यावर मारहाणीची तक्रार घेऊन बाईने जायचे कुठे? हाच मुद्दा धरून युटाने २०२० मध्ये सज्ञान आणि राजीखुशीच्या बहुविवाहाला किरकोळ उल्लंघन ठरवले. बळजबरी किंवा फसवणूक असेल तर तो गंभीर गुन्हाच राहिला.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल शहराने दोनांहून अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची नोंद करायला सुरुवात केली. तो विवाह नव्हे. नियमाच्या मसुद्यात ‘दोघे’च्या जागी ‘सर्व’ असा शब्द घातला गेला.