फळी कुजते आणि पाय घसरतो, दोन्हीचं कारण एकच

मे महिना संपत आला की मुंबईत मालाच्या गाड्यांची डागडुजी सुरू होते. ताडपत्री बदलतात, वायपर बदलतात, आणि ज्यांच्या हौद्यात लाकडी फळ्या आहेत त्यातले बरेच जण गॅरेजमधून डबाभर काळं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल आणून फळ्यांवर फासतात. लाकूड टिकतं म्हणून. थोडंफार पाणी अडतं हे खरं आहे, पण त्या हौद्यात पाठीवर गोणी घेऊन चढणाऱ्या हमालाचा विचार केला तर याच्यापेक्षा वाईट उपाय शोधून सापडणार नाही.

कारण सरळ रसायनशास्त्रातलं आहे. जवसाचं तेल घ्या, त्याच्या रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात, हवेतला ऑक्सिजन तिथे जाऊन जोडला जातो, मग एक रेणू शेजारच्या रेणूला बांधला जातो आणि काही दिवसांत सगळ्याचा मिळून एक घट्ट थर होतो. इंजिन ऑइल मात्र मुद्दाम असं बनवलेलं असतं की ते घट्ट होऊच नये, शेकडो तास गरम धातूवर फिरूनसुद्धा पातळ राहावं. म्हणजे ते फळीवर वाळणार कधीच नाही. ते तसंच चिकट-बुळबुळीत राहणार, पावसाने धुऊन गटारात आणि तिथून खाडीत जाणार, वर त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू आणि जळणातून तयार झालेले घातक पदार्थ असतात, जे अनवाणी पायाला आणि गोणीतल्या धान्याला लागतात. वापरलेलं ऑइल आपल्या कायद्यात धोकादायक कचऱ्यात मोडतं ते उगाच नाही.

आता लाकडाकडे येऊ. लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असलेल्या बारीक नळ्यांची जुडी. त्यामुळे फळीच्या पाठीवर पाणी पडलं तर ते हळूहळू मुरतं, पण फळीच्या कापलेल्या टोकावर पडलं तर नळ्यांची तोंडं उघडीच असल्याने ते दहापट किंवा त्याहून जास्त वेगाने आत शिरतं. म्हणून हौद्याची मधली फळी ठणठणीत आणि फाळक्याजवळची, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या भिंतीजवळची टोकं मात्र भुसभुशीत, असं दिसतं. कधी जुनी गाडी समोर असेल तर फाळका उघडून बघा, बिजागरीच्या वरच्या खाचेत भाजीचा पाला, माती, तांदळाची कणी असं सगळं साचून त्याचा ओला लगदा झालेला असतो आणि फळीचं टोक त्या लगद्याला चिकटून चार महिने बसलेलं असतं. तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर टोचला तर चांगल्या लाकडात तो जेमतेम रुततो, खराब लाकडात पेराएवढा आत जातो आणि बाहेर काढताना लांब तंतू न निघता चौकोनी तुकडे पडतात. चौकोनी तुकडे दिसले की समजायचं ही तपकिरी कुज आहे. ही कुज करणाऱ्या बुरशीला लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे ताकद देणारे तंतू हवे असतात, त्यांना जोडून ठेवणारं लिग्निन ती बहुतेक मागे ठेवते म्हणून रंग तपकिरी राहतो आणि आकार शाबूत दिसतो, पण ताकद आधीच गेलेली असते. वजन जेमतेम दहावा हिस्सा घटलेलं असतं तोवर मजबुतीचा मोठा भाग संपलेला असतो, म्हणून "फळी बाहेरून तर चांगली दिसत होती" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं.

बुरशीला जगायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. त्याखाली ती मरत नाही, पण खातही नाही. मुंबईची गोची इथे आहे. जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि अशा हवेत नुसतं सावलीत ठेवलेलं लाकूडसुद्धा साधारण १८ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं, म्हणजे पावसाचा थेंबही न लागता आपण सीमारेषेवर उभे असतो. वरून एक सर आली आणि पाणी साचून राहिलं की काम झालं. म्हणून मुंबईत लाकूड "वॉटरप्रूफ" करण्याच्या मागे लागण्यात अर्थ कमी आहे, भिजलेलं लाकूड किती लवकर वाळतं हे महत्त्वाचं. जाड चकचकीत ऑइल पेंट किंवा पारदर्शक वॉर्निश इथेच फसतं. फळी फुगते-आकसते, रंगाचा थर तेवढा ताणला जात नाही, बारीक तडा जातो, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला मात्र वाट नसते. पारदर्शक वॉर्निशमधून ऊन आरपार जाऊन खालचं लिग्निन तोडतं ते वेगळंच, म्हणजे थर वरून शाबूत आणि खालून सुटलेला. त्यापेक्षा आत मुरणारं, थोडा रंग असलेलं तेलकट फिनिश बरं, ते दरवर्षी मारावं लागतं, पण पापुद्रे निघत नाहीत.

फुगण्याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. सागासारखं शांत लाकूडसुद्धा वर्तुळाकार वलयांच्या दिशेने, ओलावा एक टक्का बदलला की साधारण ०.२ टक्के बदलतं. फेब्रुवारीत १२ टक्के आणि जुलैत १८ टक्के धरलं तर १५० मिलिमीटर रुंदीची फळी जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर रुंदावते. दहा फळ्या चिकटून बसवल्या असतील तर सतरा-अठरा मिलिमीटर जायला जागाच नाही, मग एक तरी फळी मध्ये उचलली जाते नाहीतर बोल्टच्या भोकापाशी चिरते. म्हणून कोरड्या दिवसांत बसवताना दोन फळ्यांत तीनेक मिलिमीटर फट ठेवायची, आणि ओलं किंवा औषधात भिजवलेलं ताजं लाकूड असेल तर फट न ठेवता बसवायचं, ते वाळून स्वतःच फट पाडतं. ही फटच पाण्याला वाट देते. काही लोक ती सिलिकॉनने बुजवतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

लाकडाच्या आत औषध भरण्याच्या शास्त्रात तर भारताचं नाव मोठं आहे. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंना असं बांधून टाकतं की पावसाने ते धुऊन जात नाही. बंद टाकीत आधी हवा खेचून घ्यायची आणि मग दाबाने द्रावण आत ढकलायचं. पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, घराबाहेरच्या लाकडी गच्च्या याच मिश्रणावर टिकल्या. आर्सेनिकच्या काळजीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते बाजूला झालं आणि त्याजागी जास्त तांब्याची मिश्रणं आली. तिकडे गाडीमागे ओढायच्या युटिलिटी ट्रेलरमध्ये असंच दाबाने औषध भरलेलं पाइन घालतात. या नव्या मिश्रणांतलं तांबं साध्या लोखंडाला लवकर गंजवतं म्हणून तिथे जाड जस्त चढवलेले बोल्टच लागतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर ते कुठल्याही लाकडाला लागतातच. बोल्ट गंजला की नुसता बोल्ट जात नाही, त्याच्याभोवतीचं लाकूडही काळं पडून दुबळं होतं.

न्हावाशेवा बंदराला कंटेनर येतात त्यांच्या तळाला बहुतेक वेळा २८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड असतो, आणि वर्षानुवर्षं तो ज्या केरुइंग लाकडाचा होत आला ते आपल्याकडच्या गर्जन या झाडाच्याच कुळातलं. फोर्कलिफ्टची चाकं झेलणारं लाकूड हे. आपल्याकडे फळ्यांऐवजी प्लाय टाकायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकवून तपासलेला असतो, पण कापलेल्या कडा मात्र रंगाने बंद केल्याच पाहिजेत, टोकाच्या नळ्यांचा नियम तिथेही तोच.

आता पाय. ओल्या पृष्ठभागावर आपण घसरतो कारण तळव्याखाली पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाय लाकडाला टेकतच नाही. तो थर फोडायला खडबडीतपणा लागतो आणि किती लागतो हे द्रव किती घट्ट आहे त्यावर ठरतं. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनात स्वच्छ पाण्यासाठी २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग एवढी उंचसखलता पुरेशी धरतात, तेलकट द्रवाला त्याच्या तिपटीहून जास्त लागते. काळ्या ऑइलचा मुद्दा इथे पुन्हा लागू होतो, आणि मासळीच्या गाडीचाही, तिथे बर्फाचं पाणी आणि मासळीचा बुळबुळीतपणा एकत्र असतो. शेवाळ तर स्वतःच चिकट शर्करा सोडतं, लाकूड ओलं राहिलं की शेवाळ येणार आणि तेच ओलं लाकूड बुरशीही खाणार, म्हणून एकाचा बंदोबस्त केला की दुसऱ्याचा अर्धा होतो.

चढायची फळी हा खरा धोका. हौदा जमिनीपासून एक मीटर उंच आणि फळी अडीच मीटर लांब असेल तर नुसतं उभं राहायलाच घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.४४ लागतो. शेवाळलेलं ओलं लाकूड आणि झिजलेली रबरी चप्पल असेल तर तो सहज याच्या खाली जातो. तीच फळी साडेतीन मीटरची घेतली की ०.३ पुरतो. पाठीवर ५० किलोची गोणी असो की रिकामी पाठ, हा आकडा बदलत नाही, फक्त पडल्यावर काय होतं ते बदलतं. म्हणून माझं सरळ मत आहे, मस्जिद बंदरला किंवा तुर्भेच्या मार्केटला माल उतरवणाऱ्या प्रत्येक गाडीत एक लांब, आडव्या पट्ट्या मारलेली फळी असलीच पाहिजे, त्यात पैसे वाचवू नयेत.

हौद्यातल्या पकडीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रंगात कण. पूर्ण हौद्याला जाड रंग द्यायचा नाही, जिथे पाय पडतो तेवढेच पट्टे रंगवायचे म्हणजे बाकीचं लाकूड वाळत राहतं. फळी घासून कोरडी करायची, फ्लोअर पेंटचा हात मारून तो ओला असतानाच वरून चाळलेली कोरडी क्वार्ट्झ वाळू भरपूर भुरभुरायची, वाळल्यावर सैल कण झाडून टाकायचे आणि वरून एक पातळ हात. जाड दिला तर कण बुडतात आणि मेहनत फुकट. किनाऱ्यावरची वाळू नको, तिचे कण लाटांनी घासून गोल झालेले असतात आणि मीठ हवेतलं पाणी ओढून बोल्ट गंजवतं. जास्त वर्दळ असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण घ्या, क्वार्ट्झपेक्षा कठीण असतात आणि धार लवकर जात नाही. मात्र रंग कणीदार झाला की जड पेटी ढकलणं अवघड होतं, म्हणून मधला पट्टा गुळगुळीत ठेवणारेही आहेत आणि ते शहाणपणाचं आहे. रबरी मॅट टाकली तर पकड उत्तम, पण रात्री ती उचलून उभी केली नाही तर खाली पाणी कोंडतं आणि मग आगीतून फुफाट्यात. बसच्या फ्लोअरला लागतो तो जाळीचा ठसा असलेला प्लाय मिळाला तर दोन्ही कामं एकदम होतात, साधा गुळगुळीत शटरिंग प्लाय मात्र ओला झाला की भयंकर घसरतो.

हे सगळं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, तेव्हा लाकडातला ओलावा सगळ्यात कमी असतो आणि तेल खोलवर मुरतं. जूनच्या तोंडावर केलं तर आत आधीच दमटपणा असतो आणि आपण तो कोंडून टाकतो. आधी सगळ्या टोकांना तेलाचे दोन-तीन हात, ती पितात तेवढं पिऊ द्यायचं, मग खालची बाजू, आणि वरची शेवटी, बहुतेक जण नेमकं उलट करतात. आणि जवसाचं तेल वापरलं असेल तर पुसायच्या चिंध्यांचा बोळा करून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका, ऑक्सिजनशी जोडलं जाताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. एकेक चिंधी मोकळ्या हवेत पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.