श्रीमंतांवरील करकपात आणि श्रमिक (खानदेशाच्या संदर्भात)

सर्वाधिक उत्पन्न असलेल्या व्यक्तींच्या प्राप्तिकराचा वरचा दर, त्यावरील अधिभार, कंपन्यांच्या नफ्यावरील कर किंवा संपत्ती व वारसा यांवरील कर सरकारने कमी अथवा रद्द केल्यास त्यास श्रीमंतांवरील करकपात म्हणतात. अशा कपातीने शेतमजूर, हमाल, कारखान्यातील कामगार आणि लहान पगारदार यांचे भले होते की नुकसान, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातील जुना वाद आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात बहुतेक श्रमिक प्राप्तिकराच्या कक्षेत येतच नाहीत. त्यामुळे या कपातीचा बरावाईट परिणाम त्यांच्यापर्यंत पोचतो तो नेहमी दुसऱ्या कोणाच्या हातून : मालकाच्या गुंतवणुकीतून, बाजारातील मागणीतून, नाही तर सरकारच्या खर्चातून.

कपातीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद थोडक्यात असा. बचत आणि गुंतवणूक प्रामुख्याने वरच्या उत्पन्नगटाकडून होते. कर कमी झाला की हाती राहिलेला पैसा यंत्रे, शेड, गोदामे यांत जातो. त्यातून रोजगार वाढतो, कामगाराची उत्पादकता वाढते आणि अखेरीस मजुरी वाढते. यालाच झिरप सिद्धांत म्हणतात, पण कपातीचे समर्थक अर्थशास्त्रज्ञ स्वतः हा शब्द सहसा वापरत नाहीत. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. कंपनी कर कागदोपत्री मालक भरतो, पण त्याचा काही भार कमी मजुरीच्या रूपाने कामगारावर ढकलला जातो, म्हणून तो कर घटवणे कामगाराच्याही हिताचे ठरते, असा हा मुद्दा आहे. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, मालाला गिऱ्हाईक असल्याशिवाय कोणी यंत्र घेत नाही. गिऱ्हाईक वाढते ते सर्वसामान्यांच्या हाती पैसा आल्याने. आणि सरकारने सोडून दिलेला महसूल शाळा, दवाखाने व रोजगार योजना यांच्यातून किंवा सर्वांवर पडणाऱ्या अप्रत्यक्ष करांतून भरून काढला जातो.

भारतात उच्च दरांचा कळस १९७३-७४ साली झाला. त्या वर्षी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, म्हणजे वरच्या टप्प्यातील १०० रुपयांपैकी कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. एवढा कर प्रामाणिकपणे भरणारे थोडे आणि लपवणारे फार, अशी स्थिती होती. काळा पैसा व करचुकवेगिरी यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीनेही असे चढे दर हे करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण मानले होते. त्यानंतरची घसरण वेगाने झाली : १९७४-७५ मध्ये ७७ टक्के, १९७६-७७ मध्ये ६६, १९८५ च्या अर्थसंकल्पात ५० आणि १९९७ मध्ये ३०. वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटी १९८५ साली, तर संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपुष्टात आला. १९७० च्या दशकातील दर परत आणावेत असे आज गंभीरपणे कोणी म्हणत नाही. मात्र ९७ वरून ५० वर येण्याचे समर्थन करणारे तर्क कंपनी कर ३० वरून २२ वर येण्याला तसेच्या तसे लागू होतात असे गृहीत धरले जाते, आणि वादातील निम्मा गोंधळ तेथून सुरू होतो.

अलीकडची सर्वांत मोठी कपात २० सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने जाहीर झाली. सवलती सोडून देणाऱ्या देशी कंपन्यांसाठी मूळ दर ३० वरून २२ टक्के (अधिभार व उपकर धरून २५.१७), तर नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के (एकूण १७.१६) करण्यात आला. वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. पुढील वर्षी भारतीय रिझर्व्ह बँकेने आपल्या वार्षिक अहवालात नमूद केले की, वाचलेला पैसा भांडवली खर्चाचे चक्र पुन्हा सुरू करण्याऐवजी कर्जफेडीकडे आणि रोकड व इतर चालू मालमत्ता वाढवण्याकडे वळला. लगेच करोनाची साथ आल्यामुळे केवळ त्या एका वर्षावरून निकाल देणे अन्यायाचे ठरेल. परंतु साथ ओसरल्यानंतरच्या स्थितीविषयी केंद्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनेच दाखवून दिले की, २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार १.५ टक्क्यांनी. त्याच २०२३-२४ सालात व्यक्तींकडून गोळा झालेला प्राप्तिकर कंपनी करापेक्षा अधिक भरला. थेट करांचा भार कंपन्यांकडून पगारदार व व्यावसायिक यांच्याकडे सरकला, असा त्याचा अर्थ होतो.

खानदेशात या कपातीचा लाभ कोणाला झाला, हे पाहण्यासाठी येथील उद्योगांची घडण लक्षात घ्यावी लागते. ठिबक सिंचन, प्लॅस्टिक पाइप व चटई यांचे कारखाने, जळगावच्या डाळ मिल, कापूसपट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंग, धुळ्याचे यंत्रमाग, नंदुरबार व दोंडाईचा येथील मिरची उद्योग, रावेर-यावलची केळी आणि जळगावचा सराफ बाजार हे येथील प्रमुख व्यवसाय होत. यांतील काही कंपन्या मोठ्या असल्या, तरी डाळ मिल, जिनिंग आणि आडत यांचा कारभार बहुधा एकट्या मालकाच्या किंवा भागीदारी पेढीच्या नावावर चालतो. २०१९ ची कपात फक्त कंपन्यांसाठी होती. भागीदारी पेढीला नफ्यावर आजही ३० टक्के मूळ दराने कर भरावा लागतो. शिवाय ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर त्यापूर्वीच २५ टक्क्यांवर आलेला होता. म्हणजे औद्योगिक वसाहतीत शेजारी-शेजारी असलेल्या तीन युनिटांपैकी बड्या कंपनीचा दर ३० वरून २२ वर आला, छोट्या कंपनीचा २५ वरून २२ वर, आणि भागीदारीतील डाळ मिलचा जागचा हलला नाही. स्थानिक पातळीवर सर्वाधिक हातांना काम देणारा मालकच कपातीच्या बाहेर राहिला.

मालकाच्या हाती पैसा राहिला तरी तो हातांनाच काम देईल असे नाही. डाळ मिलमध्ये पूर्वी खडे, काळे व डागी दाणे वेचण्यासाठी बायकांची रांग बसत असे. आता ते काम रंग ओळखून दाणा उडवणारे सॉर्टेक्स यंत्र करते. यंत्राची खरेदी ही निःसंशय गुंतवणूक आहे, तिच्यामुळे माल चांगला होतो, निर्यातीची सोय होते आणि यंत्रचालकाला पूर्वीच्या वेचणारणीपेक्षा बरा पगारही मिळतो. पण एका यंत्रचालकामागे किती वेचणारणी घरी बसल्या, याची नोंद गुंतवणुकीच्या आकड्यात होत नाही. हमालाची गोष्ट वेगळी आहे. त्याची हमाली कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे, ठरते, आणि ती वाढते तेव्हा मालकाच्या नफ्यामुळे वाढत नाही, तर माथाडी मंडळाच्या दरवाढीमुळे किंवा ऐन हंगामात टोळीने काम थांबवण्याची तयारी दाखवल्यामुळे वाढते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मिळवून दिलेली संघटित घासाघीस जिनिंगमधील हंगामी मजुराला किंवा केळी-कटाईच्या टोळीला तितक्या प्रमाणात लाभलेली नाही.

या प्रश्नाची एक वेगळी कसोटी शेतीत सापडते. शेती-उत्पन्नावर केंद्रीय प्राप्तिकर नाही. केळीच्या शेकडो खोडांपासून हजारो खोडांपर्यंत, मालक कितीही मोठा असला तरी त्या उत्पन्नावरील त्याचा दर शून्यच आहे. करातील सूट आपोआप मजुरीत उतरत असती, तर खानदेशातील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, हा राज्यातील सर्वांत सुखी कामगार असायला हवा होता. सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. त्या सुमारास साल ठरते, उचल दिली जाते, आणि धान्य, कपडे यांसारख्या गोष्टींची बोली होते. सालाची रक्कम वाढते ती माणूस मिळेनासा झाल्यावर : तरुण मुले सुरत-नाशिककडे गेली, औद्योगिक वसाहतीत रोज बरा मिळू लागला किंवा गावात रोजगार हमीचे काम निघाले, की शेतमालकाला हात सैल सोडावा लागतो. कपाशीचा भाव पडलेल्या वर्षी मात्र तीच बोली खाली येते. मजुरी ठरवण्यात मालकाच्या कराचा दर हा फार मागच्या रांगेत बसणारा घटक आहे, हे येथे उघड दिसते.

परदेशांतील अनुभव याच दिशेने जातो, पण सरसकट नव्हे. जर्मनीतील नगरपालिकांच्या व्यवसाय करावरील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कराचा सुमारे निम्मा भार कामगारांच्या वेतनावर पडतो असे आढळले, आणि कंपनी कराबाबत कपात-समर्थकांच्या हाती असलेला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. अमेरिकेने २०१७ च्या कायद्याने कंपनी कर ३५ वरून २१ टक्के केला, तेव्हा सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान ४,००० डॉलरने वाढेल असे तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सांगितले होते. नंतरच्या अभ्यासात गुंतवणूक काही प्रमाणात वाढल्याचे दिसले. पण वेतनवाढ कंपनीच्या उतरंडीतील वरच्या १० टक्क्यांत साचली आणि खालच्या ९० टक्क्यांच्या वेतनात लक्षणीय फरक पडला नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये वरचे दर घटवून भागीदारी पेढ्या व लहान धंद्यांचे उत्पन्नही राज्याच्या करातून मुक्त केले. महसूल इतका आटला की २०१७ मध्ये विधिमंडळाला गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून ती कपात मागे घ्यावी लागली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सतर्फे २०२० मध्ये मांडलेल्या, १८ प्रगत देशांच्या ५० वर्षांच्या आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात डेव्हिड होप व ज्युलियन लिम्बर्ग यांना असे आढळले की, श्रीमंतांवरील मोठ्या करकपातीने वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातील वाटा वाढतो, मात्र विकासदरावर किंवा बेरोजगारीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. व्यक्तींच्या वरच्या दरातील कपात आणि कंपनी करातील कपात या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा कामगारांना लाभ झाल्याचा पुरावा फार तोकडा आहे, तर दुसरीचा लाभ थोडाफार होतो, पण तो विषम वाटला जातो.

सोडलेल्या महसुलाची बाजू नंदुरबारसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची ठरते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रेशन हा मजुरीचाच भाग आहे, फक्त तो मालकाऐवजी सरकारकडून मिळतो. केंद्राच्या करांतील राज्यांचा वाटा पंधराव्या वित्त आयोगाने ४१ टक्के ठरवला आहे. कंपनी करातील घटीचा तेवढा भार राज्यांच्या तिजोरीवर पडतो. उलट अधिभार व उपकर यांचे उत्पन्न राज्यांत वाटले जात नाही. संपत्ती कर रद्द करताना त्याच्या जागी कोट्यधीशांवर २ टक्के जादा अधिभार आला. मूळ करातून २०१३-१४ मध्ये जेमतेम १,००८ कोटी रुपये मिळत असल्याने हा बदल केंद्राला लाभाचा होता आणि तो श्रीमंतांना झुकते माप देणाराही नव्हता. पण वाटून घेण्याजोगा कर जाऊन न वाटायचा अधिभार आला, ही गोष्ट राज्यांच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही. मजूर स्वतः भरतो तो कर वेगळाच असतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व छापील नावाच्या डाळीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. आठवडे बाजारात सुटी डाळ घेणारा त्यातून सुटतो, पण मोटारसायकलच्या पेट्रोलवरील करातून कोणीच सुटत नाही.

वरून कर घेऊन तो थेट श्रमिकापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदार व व्यावसायिक यांच्याकडून कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातील मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचे, अशी ती रचना होती. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते यांची खानदेशातील अनेक कामे या योजनेतून उभी राहिली. तिच्यातील हजेरीपटाचे घोटाळे व रखडलेली मजुरी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी आखाजीला होणाऱ्या सालाच्या बोलीत मजुराची बाजू वर उचलण्याचे काम तिने केले. व्यवसाय कराचे दुखणे मात्र त्याच्या मर्यादेत आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार तो वर्षाला एका व्यक्तीकडून २,५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून बदललेली नाही. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार घेणारा पुरुष कामगार अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरतो. त्याच्या कारखान्याचा मालकही २,५०० रुपयेच भरतो. चलनवाढीने ही रक्कम दरवर्षी हलकी होत गेल्याने वरच्या उत्पन्नगटाला कोणत्याही घोषणेशिवाय सतत करकपात मिळत राहिली आहे.

चढत्या दराच्या करआकारणीचे तत्त्व खानदेशाच्या राजकीय इतिहासात अपरिचित नाही. शेतसारा ठरवण्यासाठी चाललेल्या जमीनमोजणीविरुद्ध १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी उठाव केला होता. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे, प्रथमच एका खेड्यात, भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. न परवडणाऱ्या लहान जमिनींना सारा माफ करावा, आणि ठरावीक मर्यादेवरील शेती-उत्पन्नावर इतर उत्पन्नांप्रमाणेच चढत्या दराने प्राप्तिकर घ्यावा, अशी दोन्ही कलमे त्यात शेजारी-शेजारी होती. पहिले कलम पुढे बहुतांशी व्यवहारात आले. दुसऱ्याच्या दिशेने जाणारी, मोठ्या शेतजमिनींवर कर बसवण्याची शिफारस शेतीवरील करांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या के. एन. राज समितीने १९७२ मध्ये केली, परंतु हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने आणि मोठा बागायतदार हा राज्यांच्या राजकारणाचा कणा असल्याने ती कागदावरच राहिली.