“मला तर काहीच होत नाही!”

“मला तर काहीच होत नाही, मग गोळी कशाला?” बीपीच्या पेशंटला गोळी रोज घ्या म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. अडाणीपणा म्हणून आपण ते सोडून देतो. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच काही होत नसतं. शिवाय त्याच्या अंगातलं दाब मोजणारं यंत्रही त्याचीच बाजू घेत असतं.

हे यंत्र मानेत असतं. डोक्याकडे जाणारी कॅरोटिड धमनी जबड्याच्या कोपऱ्याखाली जिथे दुभंगते, तिथे ती जराशी फुगीर असते. त्या फुगवट्याच्या भिंतीत मज्जातंतूंची बारीक टोकं विणलेली असतात. महाधमनीच्या कमानीतही अशीच टोकं असतात. त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. ती दाब मोजतात असं आपण म्हणतो खरं, पण त्यांना कळतो तो भिंतीचा ताण. ताण वाढला की मेंदूकडे संदेशांची सरबत्ती सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा हृदयाचा वेग उतरवते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. तुम्ही खाटेवरून झटकन उठलात की याच्या उलट घडतं. सगळा कारभार काही ठोक्यांत उरकतो, म्हणून तर आपण उठल्या उठल्या कोसळत नाही.

खोट एवढीच की ही टोकं सवयीची गुलाम आहेत. दाब काही दिवस चढाच राहिला, तर १६० (बीपीचा वरचा आकडा) हाच त्यांना ‘बरोबर’ वाटू लागतो. मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांनी १९५६ मध्ये दीर्घकाळ दाब चढलेल्या कुत्र्यांच्या मज्जातंतूंमधले विद्युत संदेश मोजून हे दाखवलं. पहारेकरी झोपलेला नव्हता. तो चुकीच्या पातळीवर जागा होता आणि तीच पातळी राखत होता. त्यात धमनीची भिंत वर्षानुवर्षांच्या दाबाने कडक झाली, की ती ताणलीच कमी जाते आणि संदेश आणखी मंदावतात.

आता गोळी सुरू करा. दाब १६० वरून १३५ वर येतो, डॉक्टर खूश होतात. पण मानेतल्या हिशेबाने ही घसरण असते. उभं राहताना अंधारी येते, गळून गेल्यासारखं वाटतं. म्हणजे आजार होता तेव्हा ठणठणीत आणि औषध घेतलं की चक्कर! बीपी उतरवतं म्हणून लोक घालतात त्या चुंबकी कड्याचा ‘गुण’ इथेच येतो. कडं घातलं, गोळी सोडली, चक्कर थांबली. चक्कर गोळी सोडल्याने थांबली, पण श्रेय कड्याला मिळालं.

दाब खाली टिकला तर टोकंही हळूहळू नव्या पातळीशी जुळवून घेतात. मधले आठवडे निभावून नेणारं कुणीतरी हवं, आणि दवाखाना लांब असेल तर ते माणूस गावातलंच हवं. चीनमधल्या ३२६ गावांत, बीपी असलेल्या सुमारे ३४,००० लोकांवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्या गावांत प्रशिक्षण घेतलेले गावडॉक्टर ठरलेल्या पद्धतीने गोळ्या सुरू करत, डोस वाढवत. घरी बीपी कसं मोजायचं, मीठ कसं कमी करायचं, गोळी का सोडायची नाही, हेही शिकवत. या शिकवण्यालाच कोचिंग म्हणतात. दीड वर्षाने तिथल्या ५७ टक्के लोकांचा दाब १३०/८० च्या खाली होता, तर उरलेल्या गावांत जेमतेम २० टक्क्यांचा. तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही सुमारे एकतृतीयांशाने कमी भरलं. औषध हाताशी नसताना नुसत्या उपदेशाने एवढं झालं असतं, असं मला वाटत नाही.

उपदेश आणि कोचिंग यांतला फरक बारीक गोष्टींत दिसतो. चांगला कोच पट्टा बांधण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. लोंबता हात आणि चालू गप्पा वरचा आकडा खोटाच वाढवतात. मग दोनदा मोजून दोन्ही आकडे पेशंटलाच वहीत लिहायला लावतो. “गोळ्या घेताय ना?” असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार, म्हणून तो “गेल्या आठवड्यात किती राहिल्या?” असं विचारतो आणि पाकीट मागतो. आणि पहिल्या गोळीच्या दिवशीच सांगून ठेवतो: “थोडे दिवस उठताना गरगरेल. आधी काठावर बसा, मग उभे राहा. फारच झालं तर मला बोलवा, डोस बघू. पण गोळी परस्पर बंद करू नका.” शेवटी विचारतो, “आता घरी गेल्यावर हे कसं सांगाल?” पेशंट “चक्कर आली की गोळी बंद” म्हणाला, तर कोच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.